जायला सांगतात, कुठं ते सांगत नाहीत

जूनच्या सुरुवातीला गावाहून चुलतभावाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. सरकारी नोटीस. मजकूर छापील, मधल्या रिकाम्या जागांत निळ्या पेनाने वाडीचं नाव आणि घर क्रमांक भरलेला. ‘आपले घर दरडप्रवण क्षेत्रात येत असून अतिवृष्टीच्या काळात आपण कुटुंबीय व जनावरांसह सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे. तसे न केल्यास होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण स्वतः जबाबदार राहाल.’ खाली काकीचा अंगठा. शाई जास्त लागली असावी, कारण रेषा उमटल्याच नव्हत्या, नुसता निळा डाग उठला होता. मी लोकलमध्ये दाराशी उभी होते. फोटो बोटांनी मोठा करून ते शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिले. सत्तरीच्या बाईकडून, डोंगर तिच्या अंगावर आला तर ती जबाबदार, असं लिहून घेतलं होतं.

रात्री फोन केला. काकी नेहमीसारखीच बोलली. पाऊस अजून नाही, राब भाजून झालाय, पेरणी राहिलीय, म्हैस गाभण आहे. नोटिशीचं मीच काढलं. “दरसाल येते गं,” ती म्हणाली. “मी इचारलं त्यांना, सुरक्षित जागा म्हंजे कुठली? तर म्हणाले, खालची शाळा. मग म्हटलं, म्हशीला शाळेत घेतील काय? तर ते काय बोलले नाहीत. तो तरी काय बोलणार बिचारा, त्याला वरून कागद दिलेत वाटायला.”

आमची वाडी सावित्रीच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या उतारावर. वीसेक घरं. त्यातल्या निम्म्यांना कुलपं. बाकीच्यांत म्हातारी माणसं, दोन-तीन तरुण जोडपी आणि त्यांची मुलं. घरांच्या खाली भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी ओढ्यापर्यंत उतरतात, वर नाचणी-वरीची वरकस जमीन, आणि तिच्याही वर रान. लहानपणी मे महिन्यात आम्ही त्या रानात करवंदांसाठी फिरायचो. तो डोंगर आमच्या पाठीशी आहे असंच वाटायचं. त्याच्यामुळे वारा अडायचा, त्याच्यातून झरा यायचा, त्याच्यावरून सूर्य जरा उशिरा उगवायचा आणि तेवढं जास्त झोपायला मिळायचं.

२२ जुलै २०२१ नंतर त्या डोंगराकडे बघण्याची नजर बदलली. त्या दिवशी सकाळपासून महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आमची नदी तिथंच उगम पावते. महाड पाण्याखाली गेलं, रस्ते तुटले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. संध्याकाळी बातमी आली की तळियेची कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली. मग केवनाळ्याचं नाव आलं, साखरच्या सुतारवाडीचं आलं. घाटाच्या पलीकडे पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव. त्या रात्री डोंबिवली, दिवा, भांडुप, विरार, लालबाग, जिथं जिथं आमच्याकडची माणसं राहतात तिथं कोणी झोपलं नसेल. सगळे एकमेकांना फोन करत होते आणि गावचा एकही फोन लागत नव्हता. तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. मुंबईत कामाला असल्यामुळे वाचलेले कितीतरी लोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिखलातून चालत आपलं घर कुठं होतं ते शोधत होते.

आमच्या वाडीत कोणाला काही झालं नाही. पण घरांच्या वर, आंब्याच्या जरा पलीकडे, जमिनीला भेग पडली.

दिवाळीला गेले तेव्हा काकीने मला ती दाखवायला नेलं. गवत वाढलं होतं, तिने काठीने ते बाजूला केलं. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. तसं काही नव्हतं. डोंगराला आडवी, उतारावरून नागमोडी गेलेली, जेमतेम हात जाईल एवढी फट. मी मनगटापर्यंत हात घातला. वर ऊन चटकत होतं आणि आत गार, ओलसर. बोटांना मुरूम लागला, भुसभुशीत, चिमटीत घेतला की सुटा होणारा. भेगेच्या खालच्या अंगाला असलेला ऐनाचा वृक्ष थोडा कलला होता. “हा सरळ होता,” काकी म्हणाली. माणसांनी मातीने ती भेग बुजवली, वर प्लास्टिक घातलं, दगड ठेवले. पाणी आत जाऊ नये म्हणून एवढंच करता येतं, असं पाहणीला आलेल्या साहेबांनी सांगितलं होतं. त्यानंतर वाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत गेलं आणि नोटिसा सुरू झाल्या.

सह्याद्री काळ्या पाषाणाचा आहे, तो पडतो कसा, असं मला कोणी कोणी विचारतं. पाषाण सहसा जागचा हलत नाही. त्याच्यावर हजारो वर्षं झिजून तयार झालेला मुरूम आणि मातीचा जो थर बसलाय, तो सुटतो. पाऊस दिवसभर बेताने पडत राहिला तर पाणी उतारावरून, ओघळींतून, झऱ्यांतून वाट काढतं. थोड्या तासांत प्रचंड पडला तर ते आत शिरतं, मातीच्या कणांमध्ये दाबून बसतं, खालच्या कातळापर्यंत पोचतं आणि तिथून माती सुटू लागते. वजन वाढलेलं, आधार सुटलेला. मग अख्खा उतार एका दमात खाली येतो. विहिरीचं पाणी एकाएकी गढूळ होणं, झरा भलतीकडेच फुटणं, झाडं कलणं, जमिनीला आडव्या भेगा पडणं या त्याच्या खुणा. त्या आमच्याकडे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत.

आणि पाऊस बदललाय, हे आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला पटवून द्यावं लागत नाही. मृगाचा भरवसा उरला नाही, लावणीच्या वेळी पंधरा-पंधरा दिवस उघडीप पडते, आणि मग एका रात्रीत इतका कोसळतो की बांध फुटतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलं की गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात, मोठ्या भूभागावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतोय, त्याच्यावरून येणारे वारे कधी ढिले पडतात तर कधी उसळी मारून भरमसाट बाष्प आणतात. कोकणाने तर लागोपाठ सोसलं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ आलं, आणि दोन महिन्यांत हा महापूर. उतारावर रस्त्यासाठी, प्लॉटिंगसाठी जेसीबीने केलेले उभे छेद, तोडलेलं रान, हेही त्यात आहेच. ते झाकून सगळा दोष आभाळावर टाकणं मला पटत नाही. पण आमच्या वाडीच्या वर कोणी जेसीबी नेला नव्हता. तिथं रस्ताच नाही.

एवढं सगळं समजत असताना काकी हलत का नाही? मुंबईतल्या आमच्या घरात याचं सोपं उत्तर तयार होतं: म्हातारी माणसं हट्टी असतात, त्यांचा जीव घरात अडकलेला असतो. मीही बरीच वर्षं तेच धरून चालले. त्या दिवाळीत, भेग बघून परत आल्यावर, पडवीत नाचणी पाखडताना काकी जे बोलली त्याने ते उत्तर माझ्यापुरतं संपलं.

काकीचं मूळ माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. हे मला माहीत होतं, पण घरात त्याविषयी कधी बोलणं निघालं नव्हतं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. तिला आठवतं ते असं: शेतात पाणी आलं, मग देवळाच्या पायऱ्यांना लागलं, आणि तिचा आजा रोज सकाळी जाऊन किती पायऱ्या बुडाल्या ते मोजून यायचा. गावाला सांगितलं होतं की जमिनीला जमीन मिळेल. ट्रक आले. घराचे वासे, पाट्या, जातं, कोंबड्यांचा खुराडा, सगळं भरलं. कोयनेची माणसं सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आताचा रायगड जिल्हा अशी कुठं कुठं पांगली. तिच्या घरचे कुलाब्यात आले. मिळालेली जमीन खडकाळ, त्यात भात होईना. पण काकी जमिनीविषयी फार बोलली नाही. ती बोलली तिच्या आईविषयी. शेजारच्या दोन घरांना सोलापूरकडे जागा मिळाली. त्यातलं एक आईच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं. दोघी एकाच गावातून लग्न होऊन तिथं आल्या होत्या. ट्रक सुटताना भेटू म्हणाल्या आणि नंतर कधीच भेटल्या नाहीत. “आईनं नव्या गावात कुणाशी मैत्रीच केली नाही,” काकी म्हणाली. “मी बघितलंय एकदा गाव उठताना. लोकांना वाटतं मला कळत नाही.”

तिला दरडीची भीती वाटत नाही असं अजिबात नाही. पावसाचा जोर वाढला की ती रात्रभर जागते, कान डोंगराकडे लावून. पण उठवून नेतील आणि कुठंतरी ठेवतील, याचीही तिला तेवढीच भीती आहे, आणि ती भीती तिने स्वतःच्या आईच्या चेहऱ्यावर पाहिलेली आहे. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या आजही हक्काच्या जमिनीसाठी धरणं धरतात, मोर्चे काढतात. त्या लोकांच्या लेकीला “तुम्ही आधी निघा, मग बघू” हे कसं पटावं?

धरणग्रस्तांनी लढून लढून काही गोष्टी तरी मिळवल्या. १९७६ साली राज्याचा पुनर्वसन कायदा झाला. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या गावागावांत दिली गेली. ती अनेकदा पाळली गेली नाही, तरी मागायला एक जागा होती. धरण बांधणारा कोणीतरी असतो, त्याचा नकाशा असतो, त्याच्या दारात जाऊन बसता येतं. डोंगर खचतो तेव्हा कोणाच्या दारात बसायचं? ज्यांच्या धुराने समुद्र तापला त्यांच्या यादीत आमच्या वाडीचं नाव शोधूनही सापडणार नाही. काकीच्या घरात एक बल्ब, एक ट्यूब, एक जुना पंखा. स्वयंपाक अजून निम्मा चुलीवर.

आपल्याकडे दरडीच्या बाबतीत आजवर क्रम उलटाच राहिलाय. आधी माणसं जातात, मग घरं मिळतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं. सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरला रोजचं गावच दिसेना, तेव्हा जगाला कळलं. दीडशेवर माणसं गाडली गेली. मग आमडे इथं नवं माळीण बांधलं, २०१७ च्या एप्रिलमध्ये घरं दिली, आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले, भराव वाहिले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस. वर जायला गाडीरस्ता नाही, बचावाची माणसं अंधारात चढण चढून पोचली, हातांनी माती उपसत राहिली. २७ मृतदेह मिळाले, बेपत्ता असलेल्या ५७ जणांचा शोध चार दिवसांनी थांबवावा लागला. ठाकर समाजाची ती वाडी, आणि ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच. वाचलेल्यांना चौक गावाजवळ पत्र्याच्या कंटेनरमध्ये ठेवलं. तळियेच्या लोकांनीही कंटेनरमध्ये उन्हाळे काढले. सिडकोने, म्हाडाने पुढे पक्की घरं बांधली, ती चांगलीही असतील. पण ती मिळायची किंमत आधीच चुकती झाली होती. आणि महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर २००५ च्या जुलैमध्ये हेच कोसळलं होतं. म्हणजे आमच्या तालुक्यांना हे नवं नाही. आधी कळवून, जागा तयार ठेवून, माणसं जिवंत असताना गाव हलवणं तेवढं क्वचितच घडतं.

माझे वडीलही गाव सोडूनच आले होते. गिरणीत नोकरी लागली, पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीने परळला उतरले. तेही गरजेपोटीच होतं, भाताच्या चार खाचरांत पाच भावांचं भागत नव्हतं. पण त्यांच्या जाण्यात परतीची वाट शाबूत होती. शिमग्याला पालखी घरी यायची तेव्हा दार उघडं असायचं, गणपतीला ओटीवर माणसं मावायची नाहीत. १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली तेव्हा आई आम्हाला घेऊन सहा-आठ महिने गावीच राहिली होती. २०२० च्या टाळेबंदीत अर्धी वाडी मुंबईहून गावी परतली, वर्षानुवर्षं बंद असलेल्या घरांतून धूर निघायला लागला. ‘नाहीच जमलं तर गावी जाऊ’ हे मुंबईतल्या कितीतरी घरांत रोज बोललं न जाणारं, पण धरून ठेवलेलं वाक्य आहे. ते गावचं घर ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीनच राहण्यालायक उरली नाही, तर आमच्यासारख्या शहरात बस्तान बसलेल्यांचंही काहीतरी तुटतं. हे मान्य करते. फक्त ते तुटणं आणि काकीचं तुटणं एकाच मापाने मोजू नये, एवढं मला कळतं. मी पागोळ्यांचा आवाज आठवून हळवी होते. ती त्या पागोळ्यांखाली रात्र काढते.

गेल्या वर्षी जुलैत एका रात्री पोलीस पाटलाने सगळ्यांना खाली शाळेत नेलं. काकीने नंतर सांगितलं ते ऐकून मी हादरले, कारण तिने ते अगदी रोजचं काम सांगावं तसं सांगितलं. सातबारा, रेशनकार्ड, बीपीच्या गोळ्या आणि काकांचा फोटो असं एका प्लास्टिकच्या पिशवीत कायम भरलेलं असतं, दाराजवळ खुंटीला. ती घेतली. म्हशीचं दावं सोडून ठेवलं, म्हणजे वेळ आली तर ती पळेल तरी. शाळेच्या एका खोलीत तीसेक माणसं, ओल्या घोंगड्यांचा वास, बाकं भिंतीला लावलेली, पोरं पाढ्यांच्या तक्त्याखाली झोपलेली. बायकांसाठी आडोसा नव्हता, त्यामुळे रात्रभर कोणी पाणी प्यायलं नाही. पहाटे पाऊस जरा कमी झाल्याबरोबर काकी एकटीच वर चढून गेली, कारण म्हशीची धार काढायची होती. नोटिशीत सांगितलेलं सुरक्षित स्थलांतर ते हे.

या मे महिन्यात वाडीच्या मुंबई मंडळाची बैठक झाली. हॉल भाड्याने घेतला होता, पंखे होते, चहा होता. काही जण म्हणाले गाव उठवा, उद्या काही झालं तर काय तोंड दाखवणार. काही म्हणाले, वडिलोपार्जित जागा सोडली की कागदावरून नाव जाईल. होळीचा माळ, देवीची सहाण म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा, त्यांचं काय करायचं यावर बराच वाद झाला. तो वाद मला बिनमहत्त्वाचा वाटला नाही. गावकी ज्या जागेभोवती उभी राहते ती जागा सोडून नुसती घरं नेली तर घरंच जातील. पण ज्यांना त्या वाडीत प्रत्यक्ष रात्री झोपायचं आहे त्यांच्यातलं त्या हॉलमध्ये कोणीच नव्हतं. म्हणून मी उठून काकीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. थोडा गोंधळ झाला, आवाज तुटत होता, पण ती बोलली. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या पुढे गायरान आहे, तिथं जायला वाडी तयार आहे, ती म्हणाली. तिथून खाचरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. घराबरोबर गोठा हवा. पाणी आधी, घरं मग. जुन्या जमिनीवर शेतीचा हक्क राहिला पाहिजे, राहायला नसली तरी कसायला ती लागणारच. एवढं सांगून ती थांबली. अर्ज लिहिणाऱ्या मुलाने विचारलं, “अजून काही, काकी?”

“वाडीत जे घर ज्याच्या शेजारी आहे, तिथंबी तसंच द्या म्हणावं. चिठ्ठ्या टाकून देऊ नका.”

तो मुलगा क्षणभर थांबला. अर्जाच्या भाषेत हे कसं लिहायचं ते त्याला सुचत नव्हतं. मग त्याने ते तिच्याच शब्दांत शेवटचा मुद्दा म्हणून लिहिलं. वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे होऊन अर्ज तालुक्याला गेलाय, त्याची पोच मिळाली आहे. गायरानाची मोजणी पावसाळ्यानंतर होईल, असं तोंडी सांगितलंय.